शिखरावरचा फोटो, फोनवरचा आवाज

जून २०१६ च्या पहिल्या आठवड्यात काठमांडूत एक पत्रकार परिषद झाली. पुणे पोलीस दलातले शिपाई दिनेश आणि तारकेश्वरी राठोड यांनी तिथे जाहीर केले, की २३ मे रोजी आपण दोघे एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचलो. नेपाळच्या पर्यटन विभागाने त्यांचे म्हणणे ग्राह्य धरून प्रमाणपत्रे दिली. एव्हरेस्ट सर करणारे पहिले भारतीय दांपत्य म्हणून देशभर त्यांचा गाजावाजा झाला. एव्हरेस्ट चढल्याशिवाय मूल होऊ द्यायचे नाही असा पण आपण केला होता, हेही त्यांनी पत्रकारांना सांगितले, आणि गिर्यारोहणाच्या बातमीला घरगुती जिव्हाळा लाभला. तो मोसमही तसाच होता. एप्रिल २०१४ मध्ये हिमप्रपातात सोळा शेर्पा गेले, एप्रिल २०१५ मध्ये भूकंपाने बेसकॅम्पच उद्ध्वस्त केला. दोन वर्षे नेपाळच्या बाजूने चढाई जवळपास ठप्प होती. २०१६ च्या मे महिन्यात माणसे पुन्हा वर पोहोचू लागली, तेव्हा प्रत्येक नव्या शिखरवीराची बातमी सगळ्यांना हवीहवीशी होती. महाराष्ट्रात तर पोलीस खात्यातल्या साध्या शिपायांनी हे केले याचे विशेष अप्रूप होते.

शंका आधी आली ती पुण्याच्याच गिर्यारोहकांना. डोंगरात आयुष्य घालवलेल्या माणसांची नजर शिखराकडे जाण्याआधी पायांकडे जाते. वाटेतल्या फोटोंत राठोड दांपत्याच्या पायात एक बूट होते आणि शिखरावरच्या फोटोंत दुसरे. अंगावरचे कपडेही वेगळे. आठ हजार मीटरच्या वर माणूस बूट बदलत नाही. तिथे हातमोजा काढणेसुद्धा बोटांच्या जिवावर बेतते. शिवाय बेसकॅम्प ते माथा हे अंतर त्यांनी सांगितलेल्या दिवसांत कापणे जाणकारांच्या हिशेबात बसत नव्हते, आणि चढाई व घोषणा यांमध्ये इतके दिवस का गेले हेही कोणाला उमगत नव्हते. पाठोपाठ बंगळुरूत राहणारे गिर्यारोहक सत्यरूप सिद्धांत पुढे आले. २१ मे रोजी ते स्वतः माथ्यावर होते. राठोडांनी दाखवलेले फोटो मुळात आपले आहेत आणि त्यांत फेरफार केला आहे, असे त्यांनी सांगितले. राठोडांनी आरोप फेटाळले. पुणे पोलिसांनी चौकशी सुरू केली, नेपाळनेही केली. नेपाळच्या पर्यटन विभागाचे म्हणणे असे, की वारंवार विचारूनही दांपत्याने सहकार्य केले नाही आणि त्यांच्यासोबत गेलेले दोन शेर्पाही सापडेनात. ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस नेपाळने प्रमाणपत्रे रद्द करून दोघांवर दहा वर्षे गिर्यारोहणबंदी घातली. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, पुणे पोलिसांनी दोघांना नोकरीतून बडतर्फ केले.

लबाडी झाली, उघडी पडली, शिक्षा झाली, असे म्हणून हे प्रकरण मिटवता येते आणि बहुतेकांनी ते तसेच मिटवले. मला मात्र यातला क्रम सतावतो. आधी प्रमाणपत्र, मग मथळे, मग कौतुक, आणि बूट पाहण्याची वेळ सगळ्यात शेवटी. ज्यांच्या हाती तपासण्याचे काम होते त्यांनी ते वेळेवर केले नाही. ज्यांचा त्याच्याशी अधिकृत संबंध नव्हता त्या पुण्याच्या गिर्यारोहकांनी ते नंतर केले. आपल्याकडे खेळाडूच्या प्रामाणिकपणाची चर्चा नेहमी खेळाडूपासून सुरू होते आणि खेळाडूपाशीच संपते. माझे म्हणणे असे, की त्याच्या भोवतीच्या माणसांनी पुरावा कधी मागितला यावर त्याचा प्रामाणिकपणा फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. वेळेवर विचारलेला प्रश्न माणसाला खोट्याच्या पहिल्या पायरीवरच थांबवू शकतो. उशिरा विचारलेला प्रश्न त्याला फक्त उद्ध्वस्त करतो. हे राठोड प्रकरणावरून दिसते, पण त्याहून स्पष्ट दिसते ते चार वर्षे आधी अमेरिकेत घडलेल्या एका प्रकरणात. तिथे खेळाडू फसवणारा नव्हता. फसवला गेलेला तोच होता.

मँटाय टेओ हा हवाई बेटांवरच्या लाये गावचा मुलगा. सामोआ वंशाचे, मॉर्मन पंथाचे धर्मनिष्ठ घराणे. २०१२ साली तो इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कर्णधार आणि बचावफळीचा कणा होता. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटहून कमी नाही. विद्यापीठांची मैदाने ऐंशी-ऐंशी हजार प्रेक्षकांची असतात आणि विशीतल्या खेळाडूचे नाव घरोघरी पोहोचते. सप्टेंबर २०१२ मध्ये बातमी आली, की एकाच दिवसाच्या आत टेओची आजी वारली आणि त्याची प्रेयसी लेने केकुआ हीदेखील गेली. लेने स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेली, आधी मोटार अपघातात सापडलेली, मग ल्युकेमिया झालेली. टेओ अंत्यविधीला गेला नाही. मैदानावरच राहा असे तिनेच सांगितले होते, असे तो म्हणाला. त्याच आठवड्यात, १५ सप्टेंबरला, त्याच्या संघाने मिशिगन स्टेटला २० विरुद्ध ३ गुणांनी हरवले. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावर मिशिगन विद्यापीठाशी सामना होता. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी त्याच्या दुःखात सहभागी होण्यासाठी गळ्यात हवाई पद्धतीचे हार घातले होते, आणि टेओने प्रतिस्पर्ध्यांचे दोन पास हवेतच पकडले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. आजी आणि प्रेयसी गमावूनही न डगमगलेला खेळाडू ही त्या हंगामाची सर्वांत लाडकी कथा झाली.

आजीचा मृत्यू खरा होता. लेने केकुआ नावाची मुलगी मात्र कधी जगलीच नव्हती. टेओच्या ओळखीच्याच कॅलिफोर्नियातल्या एका व्यक्तीने समाजमाध्यमांवर तिचे खाते उघडले होते, भलत्याच तरुणीचे फोटो त्यावर लावले होते आणि फोनवर तिचा आवाजही तीच व्यक्ती काढत होती. ज्या तरुणीचे ते फोटो होते तिला याची गंधवार्ता नव्हती. टेओ या आवाजाशी तासन्‌तास बोलत असे, रुग्णालयात आहे असे समजून फोन चालू ठेवून झोपत असे. ६ डिसेंबर २०१२ रोजी त्याला पुन्हा फोन आला, त्याच आवाजात. मी मेलेली नाही, असे पलीकडून सांगण्यात आले. दोनच दिवसांनी, ८ डिसेंबरला, न्यू यॉर्कमध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन चषकाचा सोहळा होता. टेओ तिथे दुसरा आला. त्या दिवसांत त्याने जाहीरपणे प्रेयसीचा उल्लेख पुन्हा असा केला, जणू ती खरोखर वारली आहे. २६ डिसेंबरला त्याने प्रशिक्षकांना सगळे सांगितले. विद्यापीठाने खासगी तपासनीस नेमले आणि जानेवारीच्या सुरुवातीला त्यांच्या अहवालातून फसवणूक स्पष्ट झाली. ७ जानेवारीला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना झाला; अलाबामाने नोत्र दामला ४२ विरुद्ध १४ असे लोळवले. विद्यापीठ तरीही गप्पच होते. १६ जानेवारी २०१३ रोजी ‘डेडस्पिन’ या क्रीडाविषयक संकेतस्थळाच्या टिमोथी बर्क आणि जॅक डिकी या दोन पत्रकारांनी सगळे प्रकाशित केले, आणि मग त्याच संध्याकाळी विद्यापीठाचे क्रीडा संचालक डोळ्यांत पाणी आणून पत्रकारांसमोर बसले.

त्या दोघा पत्रकारांनी केले काय, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. टेओला त्यांनी घेरले नाही, त्याच्या घरी जाऊन उलटतपासणी केली नाही. मृत्यूच्या सरकारी नोंदी पाहिल्या. त्या नावाची नोंद नव्हती. स्टॅनफर्डकडे चौकशी केली. अशी विद्यार्थिनी तिथे नव्हती. वर्तमानपत्रांत निधनवार्ता शोधली, अपघाताची बातमी शोधली, काहीच नव्हते. मग खात्यावरचे फोटो नेमके कोणाचे, याचा माग काढला. हे सगळे सप्टेंबरमध्येही करता आले असते. मुखपृष्ठकथा लिहिणाऱ्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या पत्रकाराने नंतर स्वतःच मान्य केले, की मजकूर तपासताना आपल्याला निधनवार्ता सापडली नव्हती आणि स्टॅनफर्डचा तपशीलही जुळत नव्हता. तेवढा भाग वगळून किंवा मोघम ठेवून कथा छापली गेली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला निर्णायक क्षण हाच आहे. एका पत्रकाराच्या टेबलावर दोन धागे सैल दिसत होते. त्यांतला एक ओढला असता, तर एकवीस वर्षांच्या मुलाला ऑक्टोबरमध्येच, मोजक्या माणसांच्या देखत, कळले असते की आपली फसगत झाली आहे. त्याला धक्का बसला असता, लाजही वाटली असती, पण त्याला खोटे बोलावे लागले नसते. धागे जपून आत खोचले गेले आणि त्या मुलाचे पुढचे तीन महिने त्यातच अडकले.

इथे कोणी म्हणेल, टेओ काही निव्वळ बिचारा नव्हता; तोही खोटे बोललाच. ते खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. या मुलीला आपण प्रत्यक्ष भेटलो आहोत, असे त्याने वडिलांना फार आधी सांगितले होते. ते खोटे होते. कधी न पाहिलेल्या मुलीवर आपण प्रेम करतो हे लोकांना वेडेपणाचे वाटेल, म्हणून तसे सांगितले आणि पुढचे त्याच्याशी जुळवून घेतले, हे त्याने मुलाखतीत कबूल केले. ६ डिसेंबरनंतरही तो वीस दिवस गप्प राहिला, आणि मधल्या काळात खोटा उल्लेख केला. पण या खोट्याची जात ओळखली पाहिजे. कोणाचे काही हिरावून घेण्यासाठी तो बोलला नाही. आपली फजिती लपवण्यासाठी बोलला. फसलेला माणूस आधी लाजतो आणि मग ती लाज झाकण्यासाठी छोटेसे खोटे बोलतो. सायबर ठगांकडून पैसे गेलेले लोक पोलिसांत जायला का कचरतात, घरात का सांगत नाहीत, हे ज्याने आसपास पाहिले आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. खेळाडूच्या बाबतीत लाज शंभरपटीने वाढते, कारण ती कबूल करायची तर हारांनी भरलेल्या मैदानासमोर करायची असते. म्हणून त्याचे वीस दिवस मोजताना विद्यापीठाचे तीन आठवडेही मोजायला हवेत. एका विशीतल्या मुलाला सुचले नाही हे समजू शकते. ज्या संस्थेकडे वकील, तपासनीस आणि अहवाल होता, तिने अंतिम सामना आटोपेपर्यंतच नव्हे तर दुसऱ्याने बातमी फोडेपर्यंत तोंड उघडले नाही, हे मला अधिक जड जाते. टेओला पुढे व्यावसायिक संघाने घेतले, तरी वर्षानुवर्षे त्याच्या नावामागे चेष्टाच लागून राहिली.

हे सगळे वऱ्हाडातल्या दर्यापुरात बसून वाचणाऱ्याला दूरचे वाटण्याचे कारण नाही. चंद्रभागेच्या काठचे हे दर्यापूर-बनोसा खारपाणपट्ट्यातले, कपाशी-तूर-हरभऱ्याचे. इथल्या शेतकऱ्याच्या पोराला खेळ म्हणजे नुसता विरंगुळा नसतो. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे-पोरी पोलीस भरतीची तयारी करत असतात. इथल्या जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालयासारख्या महाविद्यालयातून खेळत खेळत एखादा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात पोहोचला, की तो ‘कलर होल्डर’ होतो, आणि गावात त्याच्याकडे पाहण्याची नजर बदलते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, त्यामुळे स्पर्धेचे प्रमाणपत्र हा अख्ख्या घराच्या भविष्याचा कागद ठरतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून या मुलखात शारीरिक शिक्षणाची परंपरा रुजवली, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. खेळाला इथे प्रतिष्ठा आहे, आणि म्हणूनच खेळातल्या खोट्याची किंमतही मोठी आहे. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे बाहेर आली, तेव्हा प्रत्येक बनावट कागदामागे एक जागा गेली होती. ती जागा घाम गाळून खरे प्रमाणपत्र मिळवलेल्या कोणत्या तरी पोराची होती.

यावर माझ्या ओळखीचा आक्षेप असा येतो, की तालुक्याच्या गावी खेळाडूच्या वाट्याला मुळात कौतुक येते तरी किती? वर्षातून एखादी बातमी, चौकात एखादा फ्लेक्स, शाल-श्रीफळ. तेवढ्यासाठीही कागद मागायचे, उलट प्रश्न विचारायचे, म्हणजे पोराचा हुरूप मारायचा. या आक्षेपात माया आहे, पण तिच्यामुळे नुकसान पोराचेच होते. फ्लेक्स लागला की माघार घेण्याची वाट बंद होते. ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धेत निवड’ असे छापून आले, आणि नंतर कळले की ती स्पर्धा म्हणजे प्रवेशशुल्क भरणाऱ्या कोणालाही घेणारा एखाद्या खासगी संघटनेचा धंदा होता, तर त्या मुलाने काय करावे? पुष्कळदा त्यालाही संघटनेने फसवलेलेच असते. बापाने कापूस विकून पैसे भरलेले असतात. पण सत्कार होऊन गेल्यावर खरे सांगणे म्हणजे बापाची मान चारचौघांत खाली घालणे. मग तो गप्प राहतो, पुढे तोच कागद अर्जाला जोडतो, आणि फसलेला पोरगा बघता बघता फसवणारा ठरतो. सत्कार ठरवण्याआधी क्रीडा शिक्षकाने किंवा वार्ताहराने एक फोन करून ही स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची आहे का एवढे विचारले असते, तर हुरूप थोडा कमी झाला असता, पोरगा वाचला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दुःखात असलेल्याकडे पुरावा मागणे अमानुष नाही का? टेओच्या वेळी अमेरिकी पत्रकारांनी हेच कारण दिले. माझे उत्तर आहे, दुःखात असलेल्याला काहीच विचारू नका, नोंदींना विचारा. रुग्णालय, महाविद्यालय, मृत्यूची नोंदवही यांना शोक नसतो. डेडस्पिनच्या दोघांनी नेमके तेच केले. तिसरा आक्षेप गिर्यारोहकांचा. डोंगर हा शब्दावर चालणारा खेळ आहे, वर कोणी पंच नसतो, तिथे कागद मागणे म्हणजे त्या खेळाच्या आत्म्यालाच धक्का, असे म्हटले जाते. पण या खेळातले सर्वांत मोठे नाव घ्या. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरीने तेनसिंगचा फोटो काढला. स्वतः हिलरीचा माथ्यावरचा फोटो नाही. पण त्याने माथ्यावरून खाली उतरणाऱ्या कड्यांचे, चहूबाजूंच्या डोंगरांचे फोटो मुद्दाम काढून ठेवले. आपल्याला कोणी विचारेल आणि विचारणे रास्त असेल, हे त्याला तिथे, त्या थंडीत आणि त्या आनंदातही सुचले. कोणी मागण्याआधीच पुरावा गोळा करणारा हा माणूस शब्दाला कमी किंमत देत होता असे कोण म्हणेल?

आणि पुढे पन्नासेक वर्षे नेपाळात विचारण्याचे काम एका बाईने केले. एलिझाबेथ हॉली ही अमेरिकन पत्रकार १९६० मध्ये काठमांडूत येऊन स्थायिक झाली. स्वतः एकही शिखर चढली नाही. मोहीम शहरात उतरली की हॉटेलात जाऊन तिला गाठायची, परतली की पुन्हा गाठायची: कोणत्या वाटेने गेलात, तळ कुठे टाकलेत, वर कोण कोण होते, माथ्यावरून काय दिसले. त्यातून हिमालयातल्या मोहिमांची सर्वांत विश्वासार्ह नोंद तयार झाली. दक्षिण कोरियाच्या ओह उन-सन हिने कांचनजुंगा चढल्याचा दावा केला आणि त्यावर शंका आल्या, तेव्हा हॉलीने आपल्या नोंदीत तो ‘वादग्रस्त’ म्हणून लिहिला. जगभरचे कसलेले गिर्यारोहक या बाईच्या प्रश्नांना घाबरत आणि त्यांची वाटही पाहत, कारण तिच्या नोंदीत आलेली चढाई कोणी खोडू शकत नसे. २०१८ मध्ये चौऱ्याण्णवाव्या वर्षी ती गेली. सरकारी व्यवस्थेत मात्र हा कडवेपणा कधीच उतरला नाही. नियमाने प्रत्येक मोहिमेसोबत एक संपर्क अधिकारी असतो. त्यांतले कित्येक बेसकॅम्पपर्यंतही जात नाहीत. प्रमाणपत्र मिळते ते फोटो आणि शेर्पांच्या सांगण्यावर. राठोडांना शिक्षा झाल्यावरही हे बदलले नाही, याचा दाखला पुढे मिळाला. त्याच २०१६ च्या मोसमात एव्हरेस्ट चढल्याचा दावा करणारे हरयाणाचे नरेंदर सिंह यादव यांचे नाव २०२० मध्ये भारताच्या तेनसिंग नोर्गे पुरस्काराच्या यादीत आले. तेव्हा कुठे फोटो नीट पाहिले गेले, पुरस्कार रोखला गेला, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नेपाळने यादव, त्यांची सहकारी आणि मोहिमेचा प्रमुख अशा तिघांवर सहा वर्षांची बंदी घातली. चार वर्षे हा दावा खरा मानला गेला होता.

आपल्या वऱ्हाडाला तर प्रश्नांचे वावडे नव्हते. दर्यापूरपासून जवळच्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांचे कीर्तन म्हणजे समोरच्या गर्दीला एकामागून एक विचारलेले सवाल असत, आणि लोक त्यांत स्वतःचे खोटे ओळखून तिथेच कबूल करत. ज्याला विचारले त्याचा तो अपमान आहे असे कोणाला वाटत नसे. दंगलीच्या आखाड्यातही तेच. गटाच्या कुस्तीआधी पैलवान वजनकाट्यावर उभा राहतो. दोनशे ग्रॅम जास्त भरले तर त्याला गटाबाहेर काढतात. माझ्यावर विश्वास नाही का, असे कोणताही पैलवान म्हणत नाही, कारण काटा सगळ्यांसाठी आहे आणि कुस्तीआधी आहे. व्हॉलीबॉलचा सामना संपला की गुणपत्रकावर दोन्ही कर्णधार सह्या करतात, हरलेलाही करतो. खेळाने स्वतःच्या हद्दीत हा शहाणपणा कधीच अंगीकारला आहे. तो हरवतो मैदानाबाहेर, जिथे बातमी, सत्कार आणि सरकारी कागद सुरू होतात.

राठोडांच्या पणाकडे मी पुन्हा येतो, कारण तिथे मला सगळ्यात जास्त वाईट वाटते. आधी केलेला पण माणसाला वरून खाली परतू देत नाही. त्याच मे महिन्यात महाराष्ट्र पोलिसांतलेच दुसरे एक शिपाई, तेव्हाच्या औरंगाबादचे शेख रफीक, एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेही तिसऱ्या खेपेला. २०१४ चा हिमप्रपात आणि २०१५ चा भूकंप यांनी त्यांना दोनदा रिकाम्या हाती घरी धाडले होते. दोनदा परत येऊन, परत आलो म्हणून सांगून, पुन्हा जाणे याला छातीत जे लागते त्याचा सत्कार आपण करत नाही. त्याच दिवसांत बंगालचे काही गिर्यारोहक उतरताना मरण पावले; त्यांतल्या दोघांचे देह पुढच्या वर्षी खाली आणता आले. ज्या उतारावर माणसे खरोखर मरत होती त्या उताराचा खोटा दावा कागदावर होत होता, आणि खरे चढलेल्यांकडेही लोकांनी संशयाने पाहावे अशी वेळ त्याने आणली. खोट्याचा हा दंड नेहमी खऱ्याला भरावा लागतो.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे दहा आदिवासी विद्यार्थी ‘मिशन शौर्य’ या राज्याच्या उपक्रमातून एव्हरेस्टवर गेले. माथ्यावर पोहोचले पाच. शासनाने पाच असेच सांगितले, वर्तमानपत्रांनी पाच असेच छापले. बाकीचे पाच जणही माथ्यावर पोहोचले असे कोणी भासवले नाही, की त्यांच्या नावांवर पांघरूण घातले नाही. आश्रमशाळांतली ही मुले आठ हजार मीटरच्या दिशेने जाऊन आली होती. त्यांतल्या ज्यांना माघारी यावे लागले त्यांनी ते तसेच सांगितले, आणि विदर्भाने दहाही जणांचे स्वागत केले.